समुद्रपूरची मुले समुद्रावर

मुलांनो, आधी एक कोडे घालते. एका गावाचे नाव आहे समुद्रपूर. पण तिथून सर्वांत जवळचा समुद्र गाठायचा म्हटले, तरी सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून जास्त जावे लागते. सांगा पाहू, हे गाव कुठे आहे?

हे गाव आहे आमच्या वर्धा जिल्ह्यात! आर्वी, देवळी, हिंगणघाट हे जसे तालुके, तसाच समुद्रपूर हाही एक तालुका. इकडे कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. समुद्र तेवढा नाही. याच तालुक्यात गिरडचा डोंगर आहे. डोंगरावर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथे सुपारी-जायफळाएवढे गोल गोल दगड सापडतात. एका फकिराने व्यापाऱ्याच्या मालाचे दगड करून टाकले, अशी त्याची दंतकथा. भूशास्त्रज्ञ मात्र वेगळे सांगतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत पुढे ही खनिजे तयार झाली. म्हणजे समुद्र नसला, तरी पायाखालची जमीन कशी घडली याची खूण आमच्या पोरांच्या खिशात असते, बरं का!

अशी ही समुद्रपूर तालुक्यातली मुले एका हिवाळ्यात सहलीला निघाली. कुठे? थेट मुंबईला!

विदर्भ एक्सप्रेस

संध्याकाळी वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. वर्धा ते मुंबई अंतर साडेसातशे किलोमीटरच्या वर. गाडीला बारा-साडेबारा तास लागतात. मुलांनी डबे उघडले, भाकरी-पिठलं झालं, गाण्याच्या भेंड्या झाल्या. बडनेरा गेलं तरी कुणी झोपायला तयार नाही.

"मॅडम, समुद्र केवढा मोठा असते जी?" एकाने विचारले.

"आपल्या धाम नदीला पूर येतो ना, त्याहून मोठा," दुसऱ्याने परस्पर सांगून टाकले.

"आन् त्या पाण्याच्या खाली काय असते?"

हा प्रश्न फार चांगला होता. पाण्याच्या खाली काय असते? जमीन! आपल्या जमिनीसारखीच. तिथेही डोंगर आहेत, दऱ्या आहेत. आणि जसा जमिनीवर भूकंप होतो, तसाच समुद्राच्या तळाशीही होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. तो जमिनीखाली झाला. घरे पडली, हजारो माणसे दगावली. पण भूकंप समुद्राखाली झाला तर? तिथे घरे नाहीत, माणसे नाहीत. मग कुणाचे काय बिघडणार?

याचे उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळणार होते.

हाजी अलीच्या वाटेवर

गिरडला डोंगरावर दर्गा, तर मुंबईला समुद्रात दर्गा! हाजी अलीचा दर्गा पाहून आमची मुले चकित झाली. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत पाण्यातून चिंचोळी वाट आहे. मोठ्या भरतीला ही वाट पाण्याखाली जात आलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना काळे खडक उघडे पडले होते. खडकांच्या फटींत खेकडे पळत होते. ते पाहायला मुले अशी वाकली, की त्यांना मागे ओढता ओढता माझे हात दुखले.

तिथेच मी त्यांना १९४५ सालची गोष्ट सांगितली.

२८ नोव्हेंबर १९४५. दुसरे महायुद्ध संपून तीनच महिने झाले होते. त्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, मकरानच्या किनाऱ्याजवळ, समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. मकरान म्हणजे बलुचिस्तानचा किनारा. हा भाग आज पाकिस्तानात आहे. तिथे पसनी नावाचे मासेमारीचे गाव आहे. भूकंपाची तीव्रता ८.१ होती. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. आकड्यांत फरक दोनचाच दिसतो ना? पण तीव्रता दोनने वाढली, की भूकंपातून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे हजार पट होते!

कराची आणि मस्कत यांना जोडणारी समुद्राखालची तार या भूकंपाने तुटली. किनाऱ्याजवळ समुद्रातून चिखलाची बेटे वर आली. आणि समुद्राचे पाणी हलले.

मुंबई तिथून सुमारे १२०० किलोमीटर दूर. सकाळ झाली. लोक नेहमीच्या कामांना लागले. कुणी मासे धरायला, कुणी दर्ग्याला, कुणी नुसते फिरायला. सव्वाआठच्या सुमारास पाणी चढू लागले. ज्यांनी ते पाहिले त्यांनी सांगितले, की भरतीसारखेच पाणी आले, पण फार फार वेगाने. लाटेची उंची साधारण दोन मीटर होती. दाराच्या चौकटीएवढी समजा. हाजी अलीपाशी ६ माणसे बुडाली. वर्सोव्याला ५ बुडाली. मुंबईत एकंदर १५ माणसे वाहून गेली. जुहू आणि दांड्याला नांगरलेल्या होड्या दोर तुटून सुटल्या.

मुले एकदम गप्प झाली. एका मुलीने पायाखालच्या वाटेकडे पाहिले, मग समुद्राकडे पाहिले.

"मॅडम, भूकंप पहाटे झाला आन् पाणी सव्वाआठला आलं. मंग मधात एवढा टाइम होता, तर कोणी सांगितलं काहून नाही?"

मुलांनो, या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहिते आहे.

पाच तासांचा प्रवास

आधी ती लाट कशी निघाली ते पाहू. पृथ्वीचे वरचे कवच एकसंध नाही. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्यांसारखे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना प्लेट म्हणतात. मकरानच्या किनाऱ्याजवळ एक प्लेट दुसऱ्या प्लेटच्या खाली सरकते आहे. किती? वर्षाला काही सेंटिमीटर. तुमची नखे वाढतात ना, साधारण तेवढ्याच हळू! पण सरकताना दोन्ही प्लेट एकमेकींत अडकून बसतात. ताण साठत जातो, वर्षानुवर्षे साठतो. आणि एक दिवस अडकलेला भाग झटक्यात सुटतो. समुद्राचा तळ वर उचलला जातो किंवा खाली बसतो. त्याच्यावरचे सगळे पाणीही तसेच उचलले जाते नाहीतर खाली बसते, आणि मग चारी दिशांना पसरू लागते. हीच त्सुनामी. शब्द जपानी आहे. अर्थ आहे 'बंदरातली लाट'.

नेहमीच्या लाटा वाऱ्याने उठतात. त्यांत फक्त वरवरचे पाणी हलते. त्सुनामीत मात्र तळापासून वरपर्यंतचे सगळे पाणी हलते. खोल समुद्रात तिची उंची एक मीटरही नसते. जहाजावरच्या खलाशाला ती खालून गेलेली कळतसुद्धा नाही. पण तिचा वेग पाहा!

सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित वहीत करावे. समुद्राची खोली मीटरमध्ये घ्या. तिला १० ने गुणा. येईल त्या संख्येचे वर्गमूळ काढा. लाट एका सेकंदात साधारण तितके मीटर जाते. समुद्र ४००० मीटर खोल असेल, तर वर्गमूळ येते २००. म्हणजे सेकंदाला २०० मीटर, तासाला ७२० किलोमीटर. विमानाच्या जवळपास! खोली ४० मीटर असेल तर वेग येतो तासाला ७२ किलोमीटर. आणि १० मीटर खोलीला ३६.

मुंबईसमोरचा समुद्र खूप दूरपर्यंत उथळ आहे. तिथे आल्यावर लाट हळू झाली. म्हणून पसनीपासून मुंबईला यायला तिला सुमारे पाच तास लागले. पण लाट हळू झाली, की तिची उंची वाढते. मागचे पाणी पुढच्यावर चढत जाते. शाळा सुटल्यावर फाटकापाशी गर्दी होते ना, अगदी तसे.

आम्ही विदर्भ एक्सप्रेसने साडेसातशे किलोमीटर आलो, त्याला बारा तास लागले. ती लाट पाच तासांत बाराशे किलोमीटर आली. तरीही पाच तास म्हणजे पुष्कळ वेळ. तेवढ्या वेळात माणूस किनाऱ्यावरून चालत कितीतरी दूर जाऊ शकतो. पण १९४५ साली हिंदी महासागरात त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. वेळ होता, पण निरोप नव्हता.

वर्सोव्याचे आजोबा

दुपारी वर्सोव्याला गेलो. तिथला कोळीवाडा जुना आहे. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. त्या वासाने आमच्या काही मुलांनी नाकाला रुमाल लावले, तर काहींनी "हे खायचं कसं?" असे विचारून घेतले. एक म्हातारे आजोबा जाळे दुरुस्त करत बसले होते. मुले त्यांच्याभोवती गोळा झाली.

आजोबांनी भरती-ओहोटी समजावली. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पुनवेला आणि अवसेला मोठी भरती, तिला उधाण म्हणायचे. अष्टमीच्या आसपास लहान भरती, ती भांगाची. भरतीला चढायला सहा तास, ओहोटीला उतरायला सहा तास.

"रोजची ओहोटी म्हातारीसारखी जाते, पाऊल पाऊल," आजोबा म्हणाले. "पानी धावत मागं गेलं ना पोरांनो, तर तुमी पन धावा. पन उलट्या बाजूला."

मला वाटते, शहाणपण म्हणतात ते हेच. समुद्राच्या तळाचा भाग खाली बसला, तर कधी कधी किनाऱ्यावरचे पाणी आधी मागे ओढले जाते. काही मिनिटांत समुद्र रिकामा झाल्यासारखा दिसतो. खडक उघडे पडतात, मासे तडफडतात, शिंपल्यांचा सडा दिसतो. अशा वेळी कोण पुढे धावेल? ज्याने समुद्र कधी पाहिला नाही तो! किनाऱ्यावरच्या मुलाला रोजची ओहोटी ठाऊक असते. वेगळे काही घडले तर त्याच्या लगेच लक्षात येते. पण वर्धा, यवतमाळ, परभणीच्या मुलाला कोणती ओहोटी खरी आणि कोणती भलती, हे कसे कळावे? म्हणून हा धडा समुद्राकाठच्या मुलांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, आपल्याला हवा.

पण एक लक्षात ठेवा. दर वेळी पाणी आधी मागे जातेच असे नाही. कधी ते सरळ चढूच लागते.

ज्यांना ठाऊक होते ते वाचले

२६ डिसेंबर २००४, रविवार. इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजत होते. अंदमान-निकोबारला लाट थोड्याच वेळात पोचली. चेन्नईच्या किनाऱ्यावर सुमारे अडीच तासांनी आली. तेव्हाही निरोप नव्हता. भारतात दहा हजारांहून जास्त माणसे गेली. सर्व देश मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. भारताचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली. तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला.

पण याच दिवशीच्या दोन गोष्टी मी मुलांना मुद्दाम सांगितल्या.

पहिली गोष्ट टिली स्मिथ या इंग्लंडच्या दहा वर्षांच्या मुलीची. ती आई-वडिलांबरोबर थायलंडच्या फुकेत बेटावर गेली होती. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीचा धडा शिकला होता. समुद्राचे पाणी फेसाळून विचित्र वागू लागलेले तिने पाहिले आणि ती ओरडू लागली, "त्सुनामी येतेय!" तिच्या आई-वडिलांनी ते ऐकले, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवले. सुमारे शंभर माणसे वाचली. भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्यांनो, ऐकता आहात ना?

दुसरी गोष्ट सिमेउलू बेटाची. हे बेट त्या भूकंपाच्या अगदी जवळ. तिथे १९०७ साली त्सुनामी येऊन पुष्कळ माणसे गेली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना सांगत आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळा. या लाटेला त्यांनी 'स्मोंग' असे नाव दिले. २००४ साली जमीन हलली आणि लोक "स्मोंग! स्मोंग!" ओरडत डोंगर चढले. बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोक होते. त्यांतले फक्त ७ दगावले.

त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. आजीची गोष्ट होती.

आता निरोप कोण देतो?

आता यंत्रही आहे. आणि ते कुठे आहे, सांगा पाहू? मुंबईला? चेन्नईला? नाही, हैदराबादला! तिथेही समुद्र नाही. आपल्या वर्ध्याहून हैदराबाद हे मुंबईपेक्षा जवळ. तिथे 'इन्कॉइस' नावाची सरकारी संस्था आहे आणि ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीची सूचना देणारे केंद्र तिथे रात्रंदिवस चालते. समुद्राखाली मोठा भूकंप झाला, की भूकंपमापकांवरून त्यांना काही मिनिटांत कळते. मग समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रे वरच्या पाण्याचा दाब मोजून लाट निघाली की नाही ते सांगतात. किनाऱ्यावरची यंत्रे पाण्याची पातळी कळवतात. त्यावरून कोणत्या किनाऱ्याला किती धोका, हे ठरते.

"मंग आता मुंबईले भेव नाही ना मॅडम?"

भीती कमी झाली, संपली नाही. मुंबईजवळच्या समुद्राखाली मकरानसारखी, एक प्लेट दुसरीखाली शिरण्याची जागा नाही. २००२ सालच्या भूकंपाच्या नकाशात मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात होती. पण मकरानच्या प्लेट अजून सरकत आहेत. १९४५ सारखा भूकंप तिथे पुन्हा होऊ शकतो. कधी, ते जगातला कुणीही शास्त्रज्ञ आज सांगू शकत नाही. तारीख-वेळ सांगणारा कुणी भेटला, तर तो थापा मारतो असे खुशाल समजा. आणि मुंबई आता १९४५ ची राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत तिथे १ कोटी २४ लाख माणसे होती. दोन मीटरची तीच लाट उधाणाच्या भरतीवर चढून आली तर जास्त आत शिरेल. भरतीची वेळ कुणाच्या हाती नसते.

शिवाय अंदमानसारख्या ठिकाणी भूकंप जवळच होतो. तिथे पाच तास मिळत नाहीत, मिनिटेच मिळतात. हैदराबादचा निरोप येण्याआधीच पाय उचलावे लागतात. तिथे जमिनीचे हलणे हाच निरोप!

वहीत लिहून घ्या

समुद्रावर असताना जमीन जोरात हलली किंवा बराच वेळ हलत राहिली, तर हादरे थांबताच किनारा सोडा. भोंग्याची वाट पाहू नका.

पाणी एकाएकी मागे गेले, एकाएकी चढले किंवा समुद्रातून मोठा घरघराट आला, तरी तेच करा. शिंपले, चपला, दप्तर काहीही उचलायला थांबू नका.

उंच जागी जा. टेकडी नसेल तर किनाऱ्यापासून आत जा. तेही जमत नसेल तर पक्क्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा त्याहून वर चढा.

एक लाट गेली म्हणून परत फिरू नका. लाटा काही तास येत राहतात आणि पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. सरकारी सूचना मिळाल्यावरच परता.

आणि रोजची भरती-ओहोटी पाहून घाबरायचे नाही. समुद्रावर गेल्यावर आधी तिथल्या माणसाला विचारा, "काका, आता भरती आहे की ओहोटी?" मग मनसोक्त खेळा. आमच्या मुलांनी जुहूवर अंधार पडेपर्यंत हेच केले!

करून पाहा

घरची मोठी परात घ्या. एका बाजूला ओल्या वाळूचा उतार करा. उतारावर काड्यापेटीची दोन-चार घरे मांडा. दुसऱ्या बाजूला तळाशी एक छोटी ताटली ठेवा. तिला दोरा बांधा. घरांच्या खाली राहील इतके पाणी हळूच ओता. पाणी स्थिर झाले की दोरा ओढून ताटली झटक्यात उचला. पाणी कुठे पोचले, किती वेळा आले, ते मोजा. मग ताटली हळूहळू उचलून पाहा. काय फरक पडला?

हा प्रयोग आमच्या शाळेतल्या मुलांनी पहिलीच्या वर्गाला करून दाखवला. पाणी काड्यापेट्यांवर चढले तेव्हा पहिलीतला एक चिमुरडा जोरात ओरडला, "पळा!"

त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही.